बाबांनी पाहिलेला मूकपट

बाबांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठ साधी निघाली. पण आवाज परत कसा येईल, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. बाबांनी चाळीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्टी केली, म्हणजे साडी नेसून बायकांची कामं. तिथे संवाद लिहिलेले नसतात. उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं. पुराणातली कुठलीही राणी असो, आचऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत लोक बाबांचा विलाप ऐकायला यायचे.

मी पुण्याहून रजा काढून घरी आले होते. सहाव्या दिवसापर्यंत त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंच. लिहायला दिलेली पाटी खाटेखाली ढकलून दिली होती. आईने पेज पुढे केली की हात आडवा.

"बोलूक नको म्हणून सांगलेला, जेवूक कोणी बंदी केलेली नाय," आई म्हणायची, आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्यांचा गळा जरा हलला तरी आम्ही दोघी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे धावायचो.

सातव्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपवर एक जुना अमेरिकन मूकपट लावला. शंभरेक वर्षांपूर्वीचा, कॉलेजात असताना पाहिलेला. खरं तर मी तो माझ्यासाठीच लावला होता. घरातली शांतता मला सोसेना.

बंदराजवळ खानावळ चालवणारी एक बाई, नवरा जहाजावर, आणि तिच्या घरावर डोळा ठेवून असलेला एक सावकार. हा सावकार छाती पिटत, डोळे गरगरा फिरवत होता. बाबांनी वाकून खाटेखालची पाटी काढली. लिहिलं, 'ह्याका कोणीतरी खाली बसवा.' सात दिवसांत त्यांनी लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

मग तार येते. जहाज बुडालं. बाई दारातच ती वाचते, घडी घालून खिशात ठेवते. आत गिऱ्हाईकं जेवायला बसलेली. ती सूप वाढू लागते. चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्या माणसापाशी डाव ताटलीच्या काठावर थरथरतो, तेव्हा ती दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरते आणि वाढत राहते. कोपऱ्यातला म्हातारा खलाशी तिच्याकडे बघतो. काही न विचारता चमचा खाली ठेवतो.

बाबांनी माझा दंड दाबला आणि पाटी पुढे केली. 'तोंडाकडे नको. हाताकडे बग.' थोड्या वेळाने त्याखाली, 'म्हाताऱ्यान तिका सांभाळल्यान.' मी तो म्हातारा कॉलेजात पाहिलाच नव्हता. तिला काय झालंय हे एकट्या त्याला कळलंय, आणि त्याच्यामुळे आपल्याला.

बोटाने खूण, परत लाव. तीनदा लावला. चौथ्यांदा बाबा उठले, स्वयंपाकघरातून डाव घेऊन आले आणि माझ्याशेजारी येऊन बसलेल्या आईपुढे उभे राहिले. नसलेला पदर सावरला. आईच्या पुढ्यात वाढल्यासारखं केलं, मग माझ्या. हात कापू लागला. आणि अशा जागी चाळीस वर्षं जे होत आलं तेच होऊ लागलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंड उघडलं, छाती वर आली.

"आवाज काढू नकात!" आई किंचाळली. "तुमका माजी शपथ आसा!"

मी उठले, पण त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. बाबा तसेच उभे, तोंड उघडं, श्वास अडकलेला. आम्ही तिघंही हललो नाही. मग त्यांनी सावकाश तोंड मिटलं, डाव धरलेल्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि रिकाम्या जागी तिसऱ्या माणसाला वाढलं.

आई पदर तोंडात धरून रडत होती. एवढे विलाप ऐकूनही मी तिला त्यांच्या कामावर रडताना कधी पाहिलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी 'आ' म्हणायला सांगितलं. आईची नखं माझ्या तळव्यात रुतली होती. जो आवाज आला तो जाडा आणि फाटका होता. पुढच्या दोन महिन्यांत तो थोडा सुधारला, पण वर चढला नाही. राणीचा आवाज गेला होता.

मग मी पुन्हा घरी आले असताना एका सकाळी बाबांनी स्वतःच दशावतार कंपनीच्या मालकांना फोन लावला.

"स्त्रीपार्टीक दुसरो बगा," ते म्हणाले. "माका कसलाव काम चलात. बोलूचा नसला तरी."

मी त्यांच्या खांद्याशी कान नेला. बाबांनी फोन कानावर घट्ट दाबून धरला होता.

"येवा," मालक म्हणाले. "येवा, बगूया."