दोन आयांच्या डॉक्टरबाई

डॉ. निर्मला तेरवणकर यांना मी प्रथम भेटले ती मस्कतमध्ये, कुरुमच्या त्यांच्या दवाखान्यात. लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी मुलाखत होती. प्रमाणपत्रं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "रिपोर्ट वाईट आला तर पेशंटसमोर तुमचा चेहरा कसा असतो?"

"कळू देत नाही."

"मग रविवारपासून या," त्या म्हणाल्या. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं.

मूल होत नाही म्हणून पार दूरच्या सूर शहरातून बायका त्यांच्याकडे येत. एकदा एक सासू सुनेला घेऊन आली आणि सारा दोष सुनेवर टाकू लागली. मॅडमांनी आपल्या मोडक्या अरबीत शांतपणे सांगितलं, "तुमच्या मुलाची तपासणी होईपर्यंत मी हिला एक गोळीही लिहिणार नाही." पुढच्या आठवड्यात मुलगा निमूट आला.

आता माझ्याविषयी. माझी जोडीदार रोहिणी इंडियन स्कूलमध्ये शिकवायची. आम्ही एकत्र राहत होतो आणि सगळे आम्हाला रूममेट समजत. आम्हाला मूल हवं होतं. एका दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मी मॅडमांना म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं. दोन बायका एकत्र राहत असतील तर..."

"मैत्रिणीचं वय काय?"

"छत्तीस."

"तुझ्याएवढीच," त्या म्हणाल्या. "बस."

नोकरी जाईल, कदाचित देशही सोडावा लागेल, असं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "हे मला पटायला वेळ लागेल. पण माहिती द्यायला वेळ लागू नये."

त्यांनी कागद ओढला. इथे विवाहित जोडप्यालाच उपचार मिळतात, दात्याचं बीज चालत नाही, आणि आपण कायदा मोडणार नाही, हे आधी स्पष्ट केलं. मग बाहेरचे मार्ग सांगितले. दात्याचे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडता येतात. नाहीतर आयव्हीएफ. तिसरा मार्ग म्हणजे एकीचं स्त्रीबीज आणि दुसरीचं गर्भाशय. भारतात एकट्या बाईला दवाखाने उपचार देतात, पण कागदावर आई एकच राहील. "दोघींची नावं लागतील अशा देशात जा," त्या म्हणाल्या, "आणि पालकत्वाच्या सह्या उपचाराच्या आधी करा."

माझ्या तपासणीत स्त्रीबीजं फार कमी निघाली. म्हणजे बीज रोहिणीचं घ्यावं लागणार. मी खचले. "मग मूल माझं कसं?" मी विचारलं. तोवर रोहिणीलाही भेटलेल्या मॅडम म्हणाल्या, "रोहिणी एकतीस वर्षांची आहे आणि तिला गरोदरपण नको आहे. तुला हवं आहे. दोघी मिळून बसा आणि ठरवा. मला उत्तर देऊ नका."

रोहिणीला इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही गेलो. बीज तिचं, पोट माझं. पहिला प्रयत्न फसला, तेव्हा मॅडमांचा फोन आला. "काय चुकलं ते शोधत बसू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. जेवलीस का?" दुसऱ्या वेळी दिवस राहिले. मुलगी झाली. जन्मदाखल्यावर आम्हा दोघींची नावं आहेत. त्याचा फोटो मॅडमांना व्हॉट्सॲपवर पाठवला, तर उत्तर आलं, "पटलं."

हे आज उघड लिहिते, कारण मॅडम निवृत्त होऊन रत्नागिरीला परतल्या आहेत आणि मजकूर त्यांना आधी वाचून दाखवला आहे. ऐकून म्हणाल्या, "कौतुक कमी कर. मार्ग नीट लिही, कोणाला तरी उपयोग होईल." पहिली सूचना मी पाळलेली नाही.

आमची मुलगी घरातही इंग्रजीच बोलते. दर रविवारी मॅडम तिला फोनवर बाराखडी शिकवतात आणि गाडी अजून 'ग'वरच अडली आहे. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या मॅडमांना उत्तम आरोग्य लाभो, आणि ही पोर हा लेख स्वतः वाचून त्यांना ऐकवेल, तेव्हा तिच्या चुका काढायला त्या ठणठणीत असोत.