साहेबाची डराय

शिवऱ्याच्या गेनबाला गूळ दिसला की बाकीचं जग दिसेनासं होई. आमटीत गूळ, भाजीत गूळ, भाकरीबरोबर गूळ, आणि जेवण झाल्यावर तोंड गोड करायला म्हणून आणखी एक खडा. त्याची बायको साळूबाई चारचौघींत म्हणायची, "ह्येचं लगीन माज्याशी लावाय नको हुतं. गुऱ्हाळाशी लावाय पायजे हुतं."

हा गेनबा भाटघरच्या धरणावर चुन्याची घमेली वाहायला होता. धरणाचं काम तेव्हा संपत आलं होतं. वेड्यावाकड्या फळ्यांवरून डोक्यावर घमेलं घेऊन तो असा चालायचा की चुन्याचा थेंब खाली पडायचा नाही. ते इंजिनेर साहेबानं पाहिलं आणि त्याला मनात आलं, की हा गडी चहाचा ट्रे आणील तर बशीत चहा सांडणार नाही. झालं, गेनबाच्या डोक्यावरचं घमेलं उतरलं आणि हातात ट्रे आला. भांडी घासायला साळूबाईही बंगल्यावर येऊ लागली.

साहेबाचं नाव टर्नबुल. लोक टनबल म्हणत. एकटा जीव. मराठी फर्डी बोलायचा, पण ती तो कुणा पंतोजीकडे शिकला नव्हता. पाथरवटांकडून आणि बेलदारांकडून उचलली होती. त्यामुळे त्याच्या तोंडून "आरं ए गेनबा, च्या आन की लेका!" असं ऐकून नवा माणूस दचकायचा. तो रागावला की काय बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बंगल्याचा स्वयंपाक आंतोनकडे होता. आंतोन गोव्याचा, काळा कोट घालून कोंबडी परतणारा. त्याच्या भाचीचं लग्न ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात पुण्याहून मोठा साहेब धरण बघायला येणार असल्याचं कळलं. आंतोनचा पाय निघेना. शेवटी जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं गेनबाला कोठीच्या खोलीत नेलं आणि गवताचे अंगरखे घातलेल्या बाटल्या दाखवल्या.

"ही वाइन. द्राक्षाची. ह्या बाटल्या ड्राय, ह्या दोन स्वीट. नीट ध्यानात ठेव."

"डराय? कुनाला डरायचं?"

"डरायचं नाही रे बाबा! ड्राय म्हणजे कोरडी."

गेनबानं बाटली उजेडात धरून हलवली. आत डुचमळलं. "ओली हाय की."

आंतोननं कपाळाला हात लावला. "जिभेला कोरडी. गोडी नसलेली. हे बघ, द्राक्षाचा रस पिंपात भरला की फसफसायला लागतो. आम्ही पावात ताडी घालतो ना, तसंच खमीर त्यात असतं. ते रसातली साखर खातं आणि तिची दारू करतं. सगळी साखर खाऊन संपवली, की ती ड्राय. साखर संपायच्या आत त्याला थांबवलं, की गोडी उरते. ती स्वीट."

गेनबाचा चेहरा उजळला. "म्हंजे वऱ्हाडावानी! वऱ्हाड जेवून उठलं आन् कढईत बुंदीचा दाना ऱ्हायला न्हाई, तर डराय. यजमानानं पंगत मधीच उठवली, तर गोड."

"तसंच काहीतरी."

"पर पंगत मधीच उठवनं वंगाळ दिसतं."

"तुला कुठं उठवायची आहे?" आंतोन ओरडला.

"बरं, लाल असंल ती गोड का? कलिंगडावानी?"

"रंगावर जाऊ नकोस. लालही ड्राय असते, पांढरीही स्वीट असते. मासळी नि कोंबडी वाढशील तेव्हा ड्राय. शेवटी पुडिंग येईल तेव्हा स्वीट. उलटं केलंस तर संपलं! पुडिंगवर ड्राय म्हणजे जिलबीवर आंबट ताक."

ही जिलबीची गोष्ट गेनबाला एकदम पटली. वाचता येत नसल्यामुळे आंतोननं त्याला खूण करून दिली. ड्रायच्या गळ्यात सुतळी, स्वीटच्या गळ्यात तांबडी चिंधी. एवढं करून, आणि मासळी, कोंबडी, पुडिंग कसं करायचं ते साळूबाईला शिकवून आंतोन गेला.

पाहुणा यायच्या दिवशी दुपारी गेनबानं बाटल्या पुसायला म्हणून बाहेर ओट्यावर मांडल्या आणि फडकं आणायला आत गेला. साळूबाई आत तांदूळ निवडत होती. तिनं त्याला गुळाचा खडा दिला. खडा चघळत चघळत तो बाहेर येतो, तर ओट्यावर शेळी. वेल्ह्याकडच्या रायबा धनगराची शेरडं बंगल्याच्या मागं चरत असत, त्यांतली ही एक. तिनं बाटल्यांचे गवताचे अंगरखे खाल्ले होते. खळ लावून चिकटवलेले कागद चाटूनपुसून खाल्ले होते. सुतळ्या खाल्ल्या होत्या. तांबड्या चिंधीचं शेवटचं टोक तिच्या तोंडातून लोंबत होतं, तेही गेनबाच्या डोळ्यांदेखत आत गेलं.

ओट्यावर राहिल्या सगळ्या सारख्याच हिरव्यागार, उघड्यावाघड्या बाटल्या.

"रायबा!" गेनबानं हंबरडा फोडला. "तुज्या शेळीनं माजी नोकरी खाल्ली!"

रायबा काठी टेकत आला. त्यानं शेळीकडं पाहिलं, बाटल्यांकडं पाहिलं. "तिला काय इंग्रजी येतंय? कागूद काय आन् पाला काय, तिला येकच."

"आता डराय कंची आन् गोड कंची, कसं वळकू?"

"चाखून बघ की."

पण तिथंच तर घोडं अडलं होतं. लग्नात सासऱ्यानं गेनबाकडून भैरोबाची शपथ घेतली होती, की दारूचा थेंब जिभेला लावणार नाही. साळूबाई दारात येऊन उभीच राहिली होती. गेनबानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

"बघू नगा," ती म्हणाली.

"मंग म्या चाखतो," रायबा पुढं होत म्हणाला. शेजाऱ्याच्या अडचणीला इतक्या आनंदानं धावून जाणारा माणूस गेनबानं आजवर पाहिला नव्हता.

बुचं काढली. रायबानं पहिल्या बाटलीतला घोट घेतला. "ब्येस."

"गोड का डराय?"

"ब्येस हाय." दुसरीतला घेतला. "हीबी ब्येस." अशी त्यानं ओळीनं सगळ्यांची परीक्षा घेतली आणि म्हणाला, "पहिली इसारलो. पुन्यांदा द्या." दुसऱ्या फेरीनंतर तो शेळीच्या गळ्यात हात टाकून बसला आणि तिला ताई म्हणू लागला. साळूबाईनं त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

गेनबा हवालदिल होऊन ओट्याच्या कडेला बसला. ढुंगणाला मुंगी चावली म्हणून तो उठला, आणि उठता उठताच त्याला सुचलं. कोठीतून बशा आणल्या, प्रत्येकीत एकेका बाटलीतला घोट ओतला, बशीमागं तिची बाटली ठेवली आणि सगळ्या बशा मुंग्यांच्या रांगेजवळ मांडल्या. नवरा-बायको दोघं उकिडवं बसून बघू लागले.

मुंग्या आल्या. बऱ्याचशा बशांच्या काठावर त्यांनी मिशा लावल्या आणि तूप संपलेल्या पंगतीतून पाहुणे निघावेत तशा पाठ फिरवून निघून गेल्या. दोन बशांना मात्र जत्रा भरली.

"ह्या दोन गोड!" गेनबानं उडी मारली. साळूबाईनं लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून त्या दोघींना बांधली. ह्या वेळी बाटल्या आत नेऊन दाराला कडी घातली.

दिवेलागणीला मोठा साहेब आला. पांढऱ्या मिशा, लाल नाक, आणि जग बघून बघून कंटाळलेला चेहरा. टनबल साहेबानं बाटल्यांकडं पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "आरं गेनबा, समद्या कशापायी उघाडल्यास?"

गेनबाला दुसरं काही सुचेना. "हवा खात्यात, साहेब."

टनबल साहेब काही बोलणार, तेवढ्यात मोठ्या साहेबानं विचारलं, काय म्हणतो? टनबलनं सांगितलं. मोठ्या साहेबानं पसंतीची मान हलवली. वाइन उघडून थोडी हवा लागू द्यावी अशी रीत त्यांच्यात खरोखरच होती. गेनबाला घाम फुटला होता तो जरा वाळला.

मासळी आली. गेनबानं बिनचिंधीची बाटली उचलली आणि दोन्ही पेले भरले, थेंब न सांडता. दोघा साहेबांनी पेले नाकाशी नेले, घोट घेतला, तो तोंडात घोळवला. गाल आत गेले. ओठ आवळले. डोळे मिटले.

गेनबानं ते पाहिलं. चिंच खाल्ल्यावर होतं तसं तोंड! आपल्या हातचं पिऊन पाहुण्याचं तोंड असं व्हावं? शिवऱ्यात असं झालं असतं तर यजमानानं गाव सोडलं असतं. तो बाटली घेऊन तसाच स्वयंपाकघरात पळाला.

"साळू, आंबली गं! दोगांचीबी तोंडं वाकडी झाली."

साळूबाई कसल्याही प्रसंगात गांगरणारी नव्हती. तिनं कोपऱ्यातलं मडकं ओढलं. त्यात कापूरहोळच्या गुऱ्हाळावरून आणलेली काकवी होती, मधासारखी दाट, गेनबाच्या रोजच्या खुराकाची. "घाला ह्येच्यात. पावन्याला काय आंबट पाजून धाडताव?"

"आंतोन म्हनला हुता, साखर खमीर खातं."

"खाल्ली तर खाल्ली. आपुन परत वाढू."

चांगली वाटीभर काकवी बाटलीत गेली. बोटानं तोंड दाबून गेनबानं बाटली घुसळली आणि कोंबडीबरोबर तीच पेल्यांत ओतली.

टनबल साहेबानं घोट घेतला मात्र, त्याला ठसका लागला. नाकातून आलं. तो लाल झाला, मग जांभळा झाला. मोठ्या साहेबानंही घोट घेतला होता, पण तो हलेना. पेला हातात धरून समोरच्या भिंतीकडं बघत बसला. मग त्यानं दुसरा घोट घेतला. मग पेला रिकामा करून पुढं धरला.

गेनबानं भरला. मोठा साहेब टनबलशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. टनबलनं तोंड पुसलं आणि गेनबाकडं वळून सांगितलं, "हा म्हनतो, उभ्या जल्मात त्यानं डराय पिली आन् येकदाबी आवडली न्हाई. पर गोड मागितली तर बाकीचं साहेब हसत्यात, म्हातारीची दारू म्हनत्यात. म्हून गप पीत आला लेकाचा. हा म्हनतो, ही कुठली?"

काकवी कुठली ते विचारतात असं गेनबाला वाटलं. "कापूरहोळची."

"कापूरहोळ," टनबलनं मोठ्या साहेबाला पडलेल्या आवाजात सांगितलं.

"काप्यूरोल," मोठा साहेब डोळे मिटून म्हणाला, आणि अशी मान डोलावली की जणू काही तिथल्या द्राक्षमळ्यात त्याचं बालपण गेलं होतं. पुढं पुडिंग आलं, चिंधीवाली खरी स्वीट आली. ती त्यानं चाखली आणि बाजूला सारली. म्हणाला, हिला म्हणावी तशी गोडी नाही.

सकाळी त्यानं अगदी हसतमुखानं धरण पाहिलं आणि जाताना मोटारीत काप्यूरोलची उरलेली बाटली मागून घेतली.

मोटार धुळीत दिसेनाशी झाल्यावर टनबल साहेबानं गेनबाला समोर उभं केलं आणि पाथरवटांकडून शिकलेली सगळी मराठी एकदम वापरली. बोलता बोलता साहेबाला मध्येच हसू फुटलं, तो पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसला. पण शेवटी बजावलं, "हितून फुडं बाटलीला शिवलास तर धरनात फेकीन."

आंतोन परतला तेव्हा त्याला खरी हकीकत कळली. तो खुर्चीत बसला तो उठेचना. गेनबाशी त्यानं बोलणंच टाकलं. काही दिवसांनी मात्र कोंबडी परतता परतता, पाठ न वळवता त्यानं विचारलं, "किती घातली होतीस?"

"काय?"

"ती तुझी काकवी."

"वाटीभर."

आंतोननं कालथा फिरवला. "अर्धी पुरली असती," तो म्हणाला. तिथून त्यांची दोस्ती पुन्हा जमली.

धरण पुरं झालं, साहेब विलायतेला गेला, गेनबा शिवऱ्यात येऊन शेती करू लागला. पारावर माणसं जमली की त्याला वाइनीबद्दल विचारत, आणि तो खमिराच्या पंगतीपासून सगळं समजावून देई. एका थेंबाचीही चव न घेता ह्या विषयावर इतकं बोलणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

जाताना साहेबानं एक स्वीटची बाटली त्याला आठवण म्हणून दिली होती. शपथ होती, तेव्हा ती प्यायची कुणी? साळूबाईनं ती ताब्यात घेतली आणि रोज सकाळी थोडी थोडी गुडघ्यांना चोळू लागली. गुडघे हलके झाले असं ती म्हणायची. मग फुलाबाई आली, बनाबाई आली, किकवीहून कुणाची मावशी आली. सगळ्यांना गुण आला. बाटली संपल्यावर साळूबाईनं तीत करंजाचं तेल भरलं आणि कुणाला सांगितलं नाही. बायका येतच राहिल्या, आणि जाताना म्हणायच्या, "साहेबाच्या त्येलाची सर कशालाच न्हाई बघा."