मधल्या धारेचा नमुना

गेनबा, हे पत्र तुमची सून तुळजाबाई तुम्हाला वाचून दाखवील. मध्येच "बाईंनी वाढवून लिवलंय" म्हणू नका. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. वाढवून लिहायची मला सवय नाही.

पूल झाला आणि तुमच्या होडीत बसायला कोणी उरलं नाही. राहिला काठचा दीड एकर मळा आणि एक विहीर. नदी नासली तशी विहिरीतही घाण यायला लागली, नातवंडांच्या अंगावर पुरळ उठलं. तुळजाबाई म्हणाली, "मामंजी, मळा विकून धायरीला राहायला जाऊ." तुम्ही म्हणालात, "इहीर हाय तवर मी हाय."

नदीचा अलीकडचा काठ एका पालिकेचा, पलीकडचा दुसरीचा. दोघी आपापल्या काठाचं पाणी तपासायच्या, तेही आपल्या नाल्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे दोघींचं पाणी स्वच्छ. घाण बहुधा आकाशातून पडत होती. नागरिक समितीतर्फे मी वर्षभर भांडले, तेव्हा कुठे ठरलं: मधल्या धारेचा एकच नमुना, दोन्ही पालिकांच्या अभियंत्यांच्या सह्यांचा. तो असेल तरच दुसऱ्या दिवशीच्या संयुक्त बैठकीत शुद्धीकरण केंद्राचा विषय निघणार.

होडी तुमची. आत अलीकडचे अभियंता दिगंबरराव, पलीकडचे श्रीनिवासराव आणि मी. धरणातून सोडलेलं पाणी अकराला इथे पोचणार होतं. ते आलं की नदी धुऊन निघणार आणि नमुना फुकट.

साडेदहाला मध्यावर आलो आणि कळलं, दोघांनीही आपापल्या काठाची चिठ्ठी चिकटवलेल्या बाटल्या आणल्यात. मधल्या धारेची बाटलीच नाही!

"आपली बाटली घ्या ना, श्रीनिवासराव," दिगंबरराव म्हणाले.

"छे, दिगंबरराव, आपला मान पहिला," श्रीनिवासराव म्हणाले.

"एकीवरची चिठ्ठी खोडा!" मी ओरडले.

"खोडून ठिकाण काय लिहू?" दिगंबरराव म्हणाले. "'मधली धार' लिहिलं तर ती कुणाच्या हद्दीत हा वाद, 'अलीकडे' लिहिलं तर घाण आमची ठरते, बाई."

पावणेअकरा झाले. तुम्ही वल्ही आत ओढून घेतलीत. होडी गरगरायला लागली. श्रीनिवासरावांनी कड घट्ट धरली.

"अहो गेनबा, काय करताय?"

"काय न्हाय. तुमी ठरवा. मला घाई न्हाय, पान्याला हाय."

"मग ही जागा कोणाची, तेवढं सांगा!"

"चाळीस वर्सं हितं माज्या होडीबिगर कुनी आलं न्हाय. माजं नाव लिवा."

मी बाटली हिसकावली आणि लिहिलं, 'ठिकाण: गेनबाची होडी'. या नावाला हरकत घ्यायची सोय कुठल्याच पालिकेकडे नव्हती. बाटली तीनदा खळबळली, भरली. लाख लावताना मेणबत्ती दोनदा विझली. दुसरी सही होतेय तोवर होडी खालून उचलल्यासारखी हलली. पाणी आलं होतं.

बैठकीत विषय निघाला, मंजूरही झाला; पण केंद्र उभं राहायला सहा वर्षं लागली. उद्घाटनाच्या मांडवात तुम्ही मला बाजूला घेतलंत. "बाई, आता इहिरीचं पानी तपासा. पोरांना द्यावं का न्हाय, तुमी सांगा."

"सोमवारी येते," मी म्हटलं. सोमवारी बैठक निघाली, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. तुळजाबाई कळवते, अजून पाण्याचे जार विकत आणता, विहिरीवर कुणाला पोहरा टाकू देत नाही. बाई सांगतील तेव्हाच, म्हणता.

तीन वर्षं झाली, गेनबा. बाईंनी अजून सांगितलेलं नाही.