चाचणीचे पाणी

सिंहगड रस्त्यापासून आत असलेले आमचे गाव महापालिकेत गेले, त्याला काही वर्षे झाली होती. कर यायला लागला होता, पाणी यायचे होते. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक इमारतीसमोर टँकर उभा राहत होता.

आमच्या सोसायटीतले बहुतेक लोक बाहेरगावचे. तरुण मंडळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जात. तळमजल्यावर जागेचे मूळ मालक राहत, त्यांना सगळे आबा म्हणत. शेताच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले होते आणि त्यांची विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग झाले होते. ‘माझ्या हिरीवर गाड्या लावता अन् टँकरला हात दाखवता,’ असे ते येताजाता ऐकवत.

आई या सोसायटीची सेक्रेटरी होती. नागपूरकडे महसूल खात्यात नोकरी करून अव्वल कारकून म्हणून ती निवृत्त झाली आणि माझ्याकडे पुण्याला आली. मी शहरातल्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होते.

एका उन्हाळ्यात रस्ता खणला गेला, नळ टाकले गेले, आमच्या खालच्या टाकीपर्यंत जोडही आला. आता कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह तेवढा उघडायचा होता. तो कुणी उघडेना. मग नगरसेवकांचा कार्यकर्ता घरी आला. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, बोलणे अतिशय गोड.

‘ताई, पाणी आलंच समजा. साहेबांची तारीख मिळाली की नारळ फोडू.’

‘तोवर?’

‘तोवर टँकर आहेच की. आणि एक छोटंसं काम होतं. गेटवर फ्लेक्स लावायचाय. छापून आम्हीच देतो. खाली फक्त तुमच्या सोसायटीचं नाव.’

मजकूर त्याने तोंडीच सांगितला. साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून व सौजन्याने पाणी मिळाल्याबद्दल समस्त रहिवाशांतर्फे जाहीर आभार.

‘सौजन्याने म्हणजे? पाणी त्यांच्या घरचं आहे?’

‘अहो ताई, तशी पद्धत असते.’

‘असेल. आमच्यात नाही.’

तो हसून उठला. जाताना म्हणाला, ‘बघा. फ्लेक्स लागला की तारीख लवकर मिळते.’

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. दुसऱ्या मजल्यावरचा संगणक अभियंता म्हणाला, ‘काकू, एक फ्लेक्सच तर आहे. लावू, पाणी आलं की काढू. इश्यू काय आहे?’

आई रागावली की तिच्या बोलण्यात नागपूर येई. ‘काय बोलून राहिला रे तू? पगार झाला की मालकाच्या आभाराचा बोर्ड गळ्यात घालून फिरतोस का?’

लोक हसले. तोही हसला, पण म्हणाला, ‘कंपनी माझं पाणी बंद नाही ना करत, काकू.’

तिसऱ्या मजल्यावरची एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती हसली नाही. ‘तत्त्व तुमचं, बादल्या आमच्या,’ ती म्हणाली.

आबा म्हणाले, ‘आभार मानायचेच तर माझ्या हिरीचे माना.’ त्याने सभेचा ताण थोडा सैल झाला, इतकेच. ठरले ते असे : रविवारपर्यंत आईने पाणी आणून दाखवावे, नाहीतर फ्लेक्स लागेल. सेक्रेटरीपद सोडायचे की नाही, ते तिने ठरवावे.

घरी आल्यावर मी म्हटले, ‘बातमी करते. परवा व्हॉल्व्ह उघडेल.’

‘नको. म्हणजे मग तुझ्या सौजन्याने पाणी येईल.’

तिचा हट्ट कुठून आला हे मला ठाऊक होते. सभेत ती ते बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तिच्या वडिलांच्या गावात त्यांच्या माणसांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. काठापासून लांब थांबायचे, कुणी वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे आणि ओतणाऱ्याला हात जोडायचे. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म स्वीकारला, तेव्हा ते हात जोडणे कायमचे सोडले. मुलीला शिकवले. ती मुलगी सरकारात गेली आणि निवृत्त होईपर्यंत लोकांचे अर्ज घेत राहिली. कुणी अर्जात ‘मेहेरबान’ लिहून आणले, तर ती त्याच्यासमोरच तो शब्द खोडत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्षेत्रीय कार्यालयात गेली. मला बरोबर घेतले ते पिशवी धरायला. वर्तमानपत्राचे नाव काढायचे नाही, असे तिने रिक्षातच बजावले. कनिष्ठ अभियंता मध्यम वयाचा, थकलेल्या डोळ्यांचा गृहस्थ होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या.

‘आमचा नळ टाकून झाला?’ आईने विचारले.

‘झाला.’

‘खर्च कुणाचा?’

‘महापालिकेचा. म्हणजे आपलाच.’

‘मग व्हॉल्व्ह बंद का?’

‘उद्घाटन व्हायचंय.’

‘उद्घाटनाआधी पाणी सोडू नये, असा नियम आहे?’

तो पंख्याकडे बघत राहिला. ‘नियम नाही. वरून फोन आहे.’

मग अगदी कार्यालयीन आवाजात आईने विचारले, ‘चाचणी झाली?’

‘कसली?’

‘जोड गळतात का, आमच्या टाकीपर्यंत दाब पुरतो का, याची. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांच्या अंगावर फवारा उडाला, तर तो काय त्यांच्या सौजन्याने?’

अभियंत्याने पंख्यावरची नजर खाली आणली. ‘आपण कुठल्या खात्यात होता?’

‘महसूल.’

‘तरीच.’ तो पहिल्यांदा हसला. ‘चाचणी राहिलीय खरी.’

‘तिला नारळ लागतो?’

‘काही लागत नाही. ती माझ्या अधिकारात आहे.’

‘चालते किती दिवस?’

‘दाब समाधानकारक वाटेपर्यंत.’

आई उठली. आयुष्यभराची सवय, दाराशी वळून तिच्या तोंडून निघून गेले, ‘आभारी आहे.’

‘आभार कशाचे, बाई?’ तो कागदांत डोके घालत म्हणाला. ‘पगार घेतो मी.’

आई दारात क्षणभर उभी राहिली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, ‘ऐकलंस?’ मी ऐकले होते. पुढे अनेक वर्षे मंत्रालयापासून पोलीस चौकीपर्यंत मी शेकडो अधिकाऱ्यांची वाक्ये लिहून घेतली. त्यांतली बरीच छापून आली. हे कधी छापले नाही आणि विसरलेही नाही.

रविवार यायच्या आत महापालिकेचा माणूस आला आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला. आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. आबांनी ओंजळ भरून तोंडाला लावली. ‘धरणाचं हाय,’ ते म्हणाले, ‘पर गोड हाय.’ थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली, ‘काकू, वर आलं!’ आईने वर बघून फक्त मान हलवली आणि पुन्हा जोडाशी वाकून तो गळत नाही ना, ते पाहू लागली.

तारीख घेऊन कार्यकर्ता आला, तेव्हा त्याच्या काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती. गेटजवळ आबा नळी लावून झाडांना पाणी घालत होते.

‘पाणी कुणी सोडलं?’ त्याने विचारले.

‘सोडलं कुठं?’ आबा म्हणाले. ‘चाचणी चालू हाय.’

त्याने दोन-तीन फोन केले. पाणी आता बंद करणे कुणालाच सोयीचे नव्हते. शेवटी तो आईकडे आला. ‘ठीक आहे ताई. चाचणी संपली की कळवा. मग उद्घाटन घेऊ.’

‘कळवते ना,’ आई म्हणाली.

त्यानंतर नगरसेवक बदलले, प्रभाग बदलले, अभियंत्याचीही बदली झाली. आईने अजून कळवलेले नाही.