एक प्लग, दोन उमेदवार

आमच्या घरात पर्यावरण वाचवायची जबाबदारी मी एकट्याने घेतली होती. बाकी सगळे पेट्रोलच्या बाजूचे! सगळे म्हणजे माझे बाबा आणि त्यांची म्हातारी स्कूटर. ही स्कूटर चालू करण्याआधी डावीकडे आडवी करावी लागते, मग तिची थोडी मनधरणी करावी लागते, आणि मगच किक. (बाबांनी आईचीही एवढी मनधरणी कधी केली नाही.)

"बाबा, विकून टाकू हिला. इलेक्ट्रिक घेऊ," मी म्हणालो.

"काहून? तिनं तुह्यं काय घोडं मारलं?"

"धूर किती सोडते!"

"तुह्या जन्माच्या वेळी तुह्या मायले याच धुरात दवाखान्यात नेलं होतं गा!"

शेवटी तह झाला. माझ्या ऑफिसातल्या मित्राची इलेक्ट्रिक दुचाकी एका दिवसासाठी आणायची. मानेवाड्यातल्या आमच्या घरून बर्डीच्या बाजारात जायचं आणि न ढकलता परत यायचं. आलो तर स्कूटर भंगारात, नाही आलो तर इलेक्ट्रिकचं नाव पुन्हा काढायचं नाही. बाबांनी हात पुढे केला, मी जोरात टाळी दिली!

मित्राने गाडी दिली, पण ती जवळजवळ रिकामी. चार्ज करायला गेलो तेव्हा कळलं, की अंगणाकडे आमच्याकडे एकच प्लग आहे आणि तिथे कूलर बसलेला आहे. (एक्स्टेन्शन बोर्ड शेजाऱ्यांनी गणपतीत नेला, तो अजून विसर्जन होऊन आला नाही.) मे महिना होता. या दिवसांत नागपुरात एक वेळ माणूस जेवण सोडेल, पण कूलर सोडणार नाही! तरी मी छातीवर दगड ठेवून कूलर काढला आणि गाडी लावली.

"पृथ्वीसाठी थोडं सहन करा," मी सगळ्यांना सांगितलं.

"पृथ्वीले सांग, मले घामोळ्या आल्या," असं म्हणून बाबा छत्री घेऊन वाचनालयात निघून गेले. बायको ओला टॉवेल डोक्यावर टाकून माझ्याकडे बघत बसली. तिचं असं बघणं उन्हापेक्षा वाईट असतं. मी घामाने निथळत तिथेच आडवा झालो.

संध्याकाळी जाग आली तर कूलर घरघरत होता. गाडी भरली असेल, म्हणून बायकोनं प्लग बदलला असेल! मी खुशीत निघालो. तिरप्या उन्हात स्क्रीनवरचं काही दिसत नव्हतं, पण भरलेल्या गाडीचं काय बघायचं? बर्डीपर्यंत मस्त गेलो. ना आवाज, ना धूर! परत निघालो आणि भर चौकात, सिग्नल हिरवा झाल्याबरोबर, गाडीने डोळे मिटले.

मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. "ओ भाऊ, झोपून राहिले का?"

नाइलाजाने घरी फोन केला. थोड्या वेळाने दूरवरून ओळखीची फटफट ऐकू आली आणि त्यामागून धुराचा ढग! बाबांनी डिकीतून सुंभाचा दोर काढला, गाडीला बांधला आणि मला टोचन करून वाजतगाजत घरी आणलं. वाटेत ओळखीचा दिसला, की ते मुद्दाम हळू करायचे.

"काय झालं जी?"

"माहा पोरगा. पर्यावरण वाचवून राहिला!"

घरी पोचलो तो भडकलेलाच. "बाबा, तुम्हीच प्लग काढला! स्कूटर वाचवायला केलं हे सगळं!"

"मी तर वाचनालयात होतो गा."

मी बायकोकडे वळलो. "मग तू?"

"मी कायले हात लावू? दुपारी तुम्हीच उठले, डोळे मिटून गाडीचा प्लग उपटला अन् कूलरचा खुपसला. मी विचारलं, 'अहो, अन् पृथ्वीचं काय?' तर म्हणाले, 'पृथ्वीले संध्याकाळी पाहू, आधी मले हवा येऊ दे!'"

तर स्कूटर राहिली. घरातलं जुनं, आवाज करणारं आणि वेळेवर कामाला न येणारं काहीतरी काढून टाकायचं असं मात्र ठरलंय, आणि तेव्हापासून सगळे माझ्याकडे बघतात.