रुईचा पुंजका

कुठूनही वारा येत असला की काका आधी शर्टाच्या खिशात दोन बोटं घालायचे. आतून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका निघायचा. ते तो चिमटीत धरायचे, कूलरसमोर, टेबलफॅनसमोर, एकदा तर बँकेत रांग सोडून एसीखाली. "सांगाचं काम नाई, दिसून राह्यलं," म्हणायचे आणि पुंजका परत खिशात. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, तर त्याच्या खिशाकडे लक्ष ठेवा.

सिंदी रेल्वे या आमच्या गावातल्या एका जिनिंगमध्ये ते तीस वर्षं फिटर होते. तिथे कापूस पत्र्याच्या पाइपांमधून वाऱ्यानेच पुढे जातो, आणि वारा कुठे अडला ते शोधणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर आमच्यापासून तिसऱ्या घरी राहायचे. सकाळी फाटकाशी "जय भीम, बाई," म्हणत आणि लगेच विचारत, "आज यादीत काय हाय?" मला याद्या करायची सवय आहे. काकांना त्याची गंमत वाटे.

गेल्या एप्रिलमध्ये यादीत एकच काम होतं: गाडीचा एसी. माझ्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा वर्ध्याला डायलिसिस असतं. त्याला दिवसाला चहा धरून सातशे मिली पाणी, जास्त नाही. गाडी चौदा वर्षांची. दुपारी पाऊण तासाच्या रस्त्यात तिच्यातली हवा इतकी मंद यायची की वाटेतल्या सेलूच्या पुढे तो ओठ चाटायला लागायचा. मागायचा नाही, मीच द्यायची. वहीत रकाना केला होता, 'रस्त्यात'. त्यात बहुतेक दिवशी पन्नास, कधी शंभर. तेवढं रात्रीच्या जेवणातलं पाणी कमी व्हायचं.

एका मेकॅनिकने गॅस भरून दिला. फरक पडला नाही. मी काकांपुढे यादी वाचली: गॅस, पट्टा, मोटर, फ्यूज. त्यांनी ऐकून घेतलं, गाडीत बसून पंख्याचं बटण चारही आकड्यांवर फिरवलं. आवाज दर वेळी वाढला, म्हणजे मोटर ठीक. जाळीसमोर हात धरला, गार लागलं. पुंजका धरला, तो जेमतेम हलला.

"थंडी हाय, वारा नाई. मंग गॅस काऊन भरला?"

मेकॅनिक तिथे नव्हता, म्हणून उत्तरासाठी ते माझ्याकडे पाहत राहिले.

चावी काढून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून दोन्ही बाजूंनी आत दाबला, तसा तो खाली लोंबला. मागे एक पातळ झाकण, त्यामागे फिल्टर. गोधडीसारखा जाड झालेला. हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर उडणारी रुई काचेखालच्या जाळीतून आत ओढली गेली होती. काकांनी थोडी बोटांत ताणून पाहिली. "चांगला माल हाय, लांब धाग्याचा," म्हणाले. ओट्यावर बसलेला नवरा हसला. त्या महिन्यात मी त्याला हसताना तेवढंच पाहिलं.

मग काका त्याच खाचेतून टूथब्रश घालून ब्लोअरच्या पात्यांमधली रुई काढत बसले. खोकत होते. मी तोंडाला बांधायला दुपट्टा दिला.

"आता बांधून काय करू, बाई? आतमंदी भरूनच हाय."

भाजीचा भाव सांगावा तसं ते म्हणाले.

तेवढ्यात मी फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवला होता. तो कागदाचा निघाला. दहा मिनिटांत लगदा. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. मी म्हटलं, एक दिवस फिल्टरशिवाय चालवू. काका नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही. उरलेली चौकट मापाला पिशवीत घालून वर्ध्याच्या बसमध्ये बसले आणि संध्याकाळी नवा फिल्टर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पुंजका नवऱ्याच्या हातात दिला. "गुरुजी, आता तुमी पाहा." नवरा शाळेत शिक्षक होता, म्हणून गुरुजी. पुंजका वाऱ्याने आडवा झाला आणि वर्ध्यापर्यंत आडवाच राहिला. रकान्यात मी शून्य लिहिलं. त्या उन्हाळ्यात बहुतेक शून्यच.

यंदा मार्चच्या शेवटी एका रविवारी काकांना दोन पावलांतच धाप लागली. मी त्यांना गाडीत पुढे बसवून वर्ध्याला निघाले. एसी लावताच खोकल्याची उबळ आली. त्यांनी अंगठ्याने समोरच्या जाळीच्या पट्ट्या बंद केल्या.

"मले नाई सोसत हे. काच खाली कर."

एसी बंद करून, काचा उघड्या ठेवून गेलो. झळा आत येत होत्या. रस्ताभर त्यांचा हात त्या बंद जाळीवर होता.

सोमवारी ते गेले. त्यांच्या घरी त्रिशरण-पंचशील झालं. मी खुर्च्यांची आणि चहाची यादी केली. रडू आलं नाही. मंगळवारी डायलिसिस होतं, आम्ही निघालो.

हवा माझ्याकडे येत होती, नवऱ्याकडे नाही. सेलूच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, कप्पा दाबून खाली सोडला, फिल्टर ओढला. जानेवारीत काकांनीच बदललेला, स्वच्छ होता. मग जाळीकडे पाहिलं. पट्ट्या बंद होत्या, रविवारी त्यांनी केल्या तशा. उघडायला मी हात नेला.

"राहू दे," नवरा म्हणाला. "जाताना राहू दे."

मी कप्पा लावला. वर्धा यायच्या आधी त्याने पाणी मागितलं.

रकान्यात पन्नास लिहिलं.