शे... आणि पुढे रिकामी जागा

माझ्या आईला, म्हणजे अक्काला, उत्तम ऐकू येतं, हे आधीच सांगून टाकतो. तिसऱ्या घरात कुणाचं दूध उतू गेलं तरी तिला कळतं. तरीही मागच्या रविवारी, जळगावातल्या आमच्या घरी, मी पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, "आमच्या अक्काला अजिबात ऐकू येत नाही!"

सगळा दोष माझ्या इंग्रजीचा. मला इंग्रजी बोलता येतं असं नाही (ते वेगळं!), पण शब्द येतात. चार अक्षरी, पाच अक्षरी, सहा अक्षरी. अमुक अक्षराने सुरू होणारे, तमुक अक्षराने संपणारे. समोर मराठी अर्थ. असे शब्द जाड वहीत उतरवण्यात मी ऑफिसातली निम्मी हयात घालवलीय. कॉलनीत मला 'डिक्शनरी' म्हणतात. आदराने म्हणतात असा माझा समज आहे. बायकोचा नाही.

तर माझी मुलगी मयूरी आणि धुळ्याचा निखिल पुण्यात एकाच कंपनीत. दोघांचं जमलेलं. फक्त मोठ्यांनी भेटून 'हो' म्हणायचं बाकी होतं. मयूरी दोन दिवस आधीच येऊन माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"पप्पा, एकच करा. साधं वागा."

नेमकं तेच मला जमत नाही. निखिलच्या वडिलांशी फोनवर मी "वेलकम, मोस्ट वेलकम" करून बसलो होतो. त्यावर ते इतक्या शुद्ध मराठीत "आपल्या भेटीची उत्सुकता आहे" म्हणाले, की मला घामच फुटला. कारण आमची अक्का बोलते अहिराणी. अस्सल! माहेर सोनगीरजवळचं. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'शे' असतंच.

मी शिकवणी सुरू केली. "अक्का, 'शे' नाही म्हणायचं. 'आहे' म्हण. पाणी आहे."

"पानी आहे शे," अक्का म्हणाली.

तासभर झटलो. शेवटी हात टेकले. "तू असं कर, पाहुण्यांसमोर बोलूच नको."

"कसाले?"

"मोठे लोक आहेत ते."

अक्का पदर सावरून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. तेव्हाच मी स्वतःला जमिनीत गाडून घ्यायला हवं होतं. पण मी पडदे नीट करत होतो.

पाहुणे आले. निखिल, त्याचे वडील आणि आई कुसुमताई. कुसुमताई आल्या आल्या वाकल्या, "अक्का, तब्येत बरी आहे ना?" अक्काने तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य सुटलं! बायकोच्या हातातला पोह्यांचा ट्रे कलला. मयूरीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोह्यांत बघायला लागलो.

"अरेरे! कधीपासून?" निखिलच्या वडिलांनी विचारलं.

"हल्लीच," मी म्हणालो. (खरं तर पाच सेकंदांपासून!)

मग ते दोघं नवरा-बायको आळीपाळीने अक्काच्या कानाशी ओरडायला लागले. "नमस्कार!! जेवण झालं का??" शेजारच्या काकू खिडकीत आल्या. अक्का बिचारी हसून मान हलवत राहिली. पोरासाठी बहिरी झाली होती ती, आणि पोरगा पाहुण्यांना म्हणत होता, "घ्या ना, शेव घ्या."

निखिलने मोबाईल काढला. "काका, मयूरी सांगते तुम्ही शब्दांत पक्के. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा संधी. खेळू या?"

खेळू या? मी तर बाह्याच सरसावल्या!

"शेप!" पाचपैकी चार अक्षरं बरोबर! एस, एच, ए, मग रिकामी जागा, आणि शेवटी ई. मी कॉलर ताठ केली. आता काय, हातचा मळ!

"शेअर!" चूक.

"शेव्ह!"

"नको, नको, ताटलीत भरपूर आहे," कुसुमताई म्हणाल्या. तेही चूक.

"शेक!" चूक. "शेड!" चूक!

एक संधी उरली. होणाऱ्या जावयासमोर डिक्शनरीची पानं गळायला लागली. मी, निखिल, त्याचे वडील, तिघंही मोबाईलवर वाकलो.

"शे..." मी.

"शे..." निखिल.

"शे... शे..." डोळे मिटून त्याचे वडील.

आणि कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, काय शे? कव्हयनं शे, शे, शे करी ऱ्हायनात! काय शे ते सांगा तरी!"

मोबाईल निखिलच्या हातातून पोह्यांत पडला.

"अक्कांना... ऐकू येतं?"

"बठ्ठं ऐकू येस," अक्का शांतपणे म्हणाली. "आजना दिन बहिरी शे मी. मन्हा पोऱ्यानी सांगेल शे."

सगळे माझ्याकडे बघत होते. थाप मारायला एकही शब्द सुचेना, कुठल्याच भाषेत.

"अक्का अहिराणी बोलते," मी म्हणालो. "मला... तुमच्यासमोर कमीपणा वाटला."

निखिलचे वडील लालबुंद झाले. आता उठतात, लग्न मोडतं, मयूरी जन्मात बोलत नाही! पण कुसुमताईंनाच हसू फुटलं. "अहो, सांगा ना आता! यांच्या आईलाही यायचं होतं. 'जळगावचे लोक इंग्रजी झाडतात, तिथे माय अहिराणी बोलेल', म्हणून यांनी तिला 'तुझे गुडघे दुखतात' सांगून घरी बसवलं. ती रोज गच्चीत पापड वाळवते!"

निखिलचे वडील अक्कासमोर जाऊन बसले. "चुकनं, अक्का. मन्ही माय बी तुम्हनासारखीच बोलस."

"मंग पुढला रविवारे तिले लई या," अक्का म्हणाली. "ती 'हो' म्हनी, मंग मी म्हनसू."

सगळे हसले. मयूरी सोडून. तिने मोबाईल पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"पप्पा, एम टाका."

"एम? म्हणजे... शेम?"

टाकला. बरोबर! ती शब्द सांगत होती की मला म्हणत होती, हे विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

"काय अर्थ शे त्याना?" अक्काने विचारलं.

"लाज," मी म्हणालो.

"इतला सोपा? आन तुले येत नव्हता?"

खरंच येत नव्हता! पाहुणे गेल्यावर वही पालथी घातली, त्या पानावर तेवढाच शब्द नव्हता. आता आहे. मयूरीने स्वतःच्या हाताने लिहिलाय. अर्थ: लाज. उदाहरण म्हणून पुढे माझं नाव, आडनावासकट. मी स्पेलिंग दोनदा तपासलं.

बरोबर शे.